लघवी होते का?

मागच्या महिन्यात सिटीलाइटच्या मार्केटात एका कोळीण मावशींनी मला सहा बांगड्यांवर दोन बांगडे फुकट टाकले. टाकले म्हणजे अक्षरशः टाकले, माझ्या पिशवीत, मी नको नको म्हणत असताना, आणि शेजारी पापलेटाचा भाव करत उभ्या असलेल्या एका काकूंना म्हणाल्या, "ही आमची डाक्टरीण. माझा बाळ्या मरत व्हता, हिनं वाचवला." काकूंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. जीन्स, पाठीवर सॅक, पायात प्लास्टिकच्या पावसाळी चपला. "इतकी लहान?" असं काहीतरी पुटपुटल्या आणि परत पापलेटाकडे वळल्या. मी हसले. "नाही ओ, मी कुठे, सरांनी केलं" एवढं तरी म्हणायचं, तेही म्हटलं नाही, नुसतं हसून घेतलं आणि पिशवी उचलून निघाले.

बाळ्या हा बोका आहे, आणि मी त्याला वाचवलेलं नाही. माझ्यामुळे तो मरायला टेकला होता.

आता हे सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल. मी परळच्या व्हेटर्नरी कॉलेजची. १८८६ सालचं कॉलेज, शेजारी बाई साकरबाई हॉस्पिटल, आवारात जुनी झाडं आणि कावळे, आणि बाहेर पडलं की एकदम लालबाग-परळची गर्दी. आमच्या विक्रोळीच्या बिल्डिंगमध्ये मात्र माझी ओळख ‘ढोरांची डॉक्टर’ अशीच आहे. मामेभावाने तर पहिल्या वर्षीच विचारलं होतं, "मुंबईत गाई कुठे आहेत, तू काय आरेमध्ये दवाखाना टाकणार?" हसण्यावारी नेलं, पण तो अगदीच चुकीचं बोलत नव्हता, कारण आम्ही शिकतो ते बरंचसं गाई-म्हशींवरच. रुमेन, रेटिक्युलम, ओमेसम, ॲबोमेसम, पोटाचे चार कप्पे तोंडपाठ. म्हशीचं पारडू अडलं तर हात कुठून कसा घालायचा हे मला वहीत काढून दाखवता येत होतं. सीनियर्स एमपीएससी देऊन पशुधन विकास अधिकारी होतात, लातूर, हिंगोली, कुठे कुठे जातात. ज्यांना शहरात राहायचंय ते कुत्र्या-मांजरांकडे वळतात, आणि कॉलेजच्या ओपीडीत एका टेबलाभोवती आम्ही दहा-बारा जण उभे असल्यावर तुमच्या हाताला काय लागणार? लांबून शेपटी दिसते. कोर्स साडेपाच वर्षांचा, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं, पण तोवर थांबायला नको म्हणून मी चौथ्या वर्षात असतानाच माहीम बाजूच्या एका क्लिनिकमध्ये संध्याकाळी जायला लागले. कॉलेज सुटलं की प्रभादेवीहून (आई अजून एल्फिन्स्टनच म्हणते) स्लो पकडायची, माटुंगा रोडला उतरायचं, साडेपाचला ॲप्रन. पगार नाही. चहा मिळायचा, दोनदा.

पहिले दीड महिने मला एकच काम होतं. धर.

"धर" हा शब्द मी त्या दीड महिन्यात आयुष्यभराइतका ऐकला. क्लिनिकचे डॉक्टर, म्हणजे आमचे सर, सुई भरता भरता म्हणायचे धर, मामा नखं कापताना म्हणायचे धर. मामा म्हणजे क्लिनिकमधले सगळ्यात जुने माणूस, कंपाउंडर म्हणा, असिस्टंट म्हणा, सगळे मामाच म्हणतात. शिक्षण आठवी, पण कुत्रं दारातून आत येताना त्याच्या कानांवरून सांगणार की हे चावणार. मला वाटायचं धरायला काय लागतं, जोर लागतो. पहिल्या आठवड्यात एका पॉमेरेनियनला मी इतक्या जोरात धरलं की ते गुदमरायला लागलं, आणि तरीही शेवटी सुटून गेलंच. मामा म्हणाले, "अगं ए, बसमधला दांडा धरतेस काय? लोकलमध्ये कडेवर पोर असल्यावर बाई कशी धरते, तसं धर." म्हणजे अंगाला लावून. एक हात गळ्याखालून, दुसरा पोटावरून, तुमच्या छातीला त्याचं पूर्ण अंग टेकलं पाहिजे, मग त्याला कुठून ढकलायचं तेच कळत नाही. तोंड बांधायला गॉजची पट्टी, नाकावर एक वेढा, खाली दुसरा, मग कानांमागे गाठ. मांजराला टॉवेलात घट्ट गुंडाळायचं, हवा तो पाय तेवढा बाहेर. आणि शिरेतून काही द्यायचं असेल तर पुढच्या पायाच्या कोपरापाशी अंगठा आडवा दाबून जरासा बाहेर फिरवायचा, की केस भादरलेल्या जागी ती शीर वर येते, निळसर, दोऱ्यासारखी. हा अंगठा फिरवणं मला जमलं त्या दिवशी सर नुसते "हं" म्हणाले. मी घरी जाऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, "बरं, जेव."

वास अंगाला लागतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. स्पिरिट, ओला कुत्रा, फिनेल आणि पार्व्होचा, म्हणजे पिल्लांना होणाऱ्या विषाणूच्या आजाराचा, वास. पार्व्होचा वास एकदा घेतला की विसरत नाही, लोखंडासारखा, गोडसर, कुजकट, सगळं एकत्र. लसी न झालेली दोन-तीन महिन्यांची पिल्लं, रक्ताचे जुलाब, डोळे आत गेलेले. रात्री साडेनऊच्या लेडीज डब्यात माझ्या बाजूची बाई हळूच सरकून बसायची आणि मला वाईट वाटायच्या ऐवजी बसायला जास्त जागा मिळाली याचाच आनंद व्हायचा.

पहिली कॅन्युला, म्हणजे शिरेत ठेवायची बारीक नळी, मी एका पार्व्होच्या पिल्लालाच लावली. एक फीडर ताई होत्या, रोज रात्री रस्त्यावरच्या कुत्र्यांना भात घालणाऱ्या, त्यांनी शॉपिंगच्या पिशवीत घालून ते आणलं होतं. पाण्यावाचून इतकं कोरडं पडलेलं की मानेवरची कातडी उचलली तर तशीच तंबूसारखी उभी. सर म्हणाले, "कर, तू कर." मी २४ नंबरची पिवळी कॅन्युला हातात घेतली. अंगात पाणी नसलं की शिरा चपट्या होतात, दिसतही नाहीत, बोटाला नुसता भास होतो की इथे काहीतरी आहे. पहिल्यांदा शीर बाजूला सरकली. दुसऱ्यांदा आरपार गेली आणि बघता बघता तिथे निळी गाठ आली. मग दुसरा पाय. सुईच्या मागच्या डबीत रक्ताचा ठिपका उगवला तेव्हा माझ्या पाठीवरून घाम चालला होता हे मला स्पष्ट जाणवलं. सुई मागे, प्लास्टिकची नळी पुढे, टेप, रिंगर लॅक्टेटची बाटली. पिल्लू या सगळ्यात एकदाही ओरडलं नाही. मला ते समजूतदार वाटलं होतं. सर म्हणाले, "ओरडायला ताकद लागते."

ते पिल्लू जगलं, हे सांगते, नाहीतर तुम्ही उगाच विचार करत बसाल. ताईंनी त्याला घरी ठेवलं.

पण त्यानंतर एक गोष्ट माझ्या लक्षात यायला लागली, आणि आली तरी मी ती बरेच दिवस स्वतःशी नीट बोलले नाही. सर "तू कर" कधी म्हणायचे आणि कधी नाही म्हणायचे. रस्त्यावरचं कुत्रं असलं, तू कर. चाळीतून आलेलं, झोपडपट्टीतलं, वॉचमनने आणलेलं, तू कर. शिवाजी पार्कच्या बाजूने ड्रायव्हरसकट आलेला गोल्डन रिट्रीव्हर असला की सर स्वतः ग्लोव्हज घालायचे आणि मी धरायचे. सर वाईट माणूस नाहीत, उलट मी बघितलेल्या डॉक्टरांत सगळ्यात कमी पैशांत काम करणारे असतील. त्यांचंही बरोबर होतं, शिकाऊ मुलीने तीनदा टोचलं तर पैसे भरणारा माणूस परत येणार नाही. पण म्हणजे माझा हात ज्यांच्यावर बसला ते सगळे तक्रार न करणारे. कुत्रं तर कुठलंच तक्रार करत नाही म्हणा. माणसांची गोष्ट करतेय मी. आणि कॅन्युला काय, ते सगळीकडे असंच चालतं, माणसांच्या सरकारी हॉस्पिटलांत काय वेगळं असतं? मला हे दिसत होतं आणि तरी वॉचमनकाका दिसले की मनात पहिलं हेच यायचं, आज हाताला काम मिळणार.

हळूहळू मला काउंटरवर हिस्टरी घ्यायलाही बसवायला लागले. हे काम मला आवडायचं, खोटं कशाला बोलू. जनावर बोलत नाही म्हणून त्याच्या वतीने माणूस बोलतो, आणि माणूस मधेमधे स्वतःचंही मिसळतो. "काहीच खाल्लं नाही हो बाहेरचं." बरं. "फक्त अर्धा वडापाव." कधी? "रोजच, बाबा ऑफिसातून आले की." एका आजोबांनी मांजराला ताप आला म्हणून क्रोसिनची पाव गोळी दिली होती, प्रेमाने, दुधातून. मांजराच्या शरीराला पॅरासिटामॉल पचवून बाहेर टाकता येत नाही, हिरड्या तपकिरी पडतात, रक्त ऑक्सिजन नेईनासं होतं. ते सांगताना आजोबांचं तोंड बघवत नव्हतं. आणि एक गंमत, घरात सगळे अस्सल मराठी, आपापसात "अरे ते पत्रक कुठे ठेवलंस" वगैरे चाललेलं, पण कुत्र्याशी मात्र इंग्रजी. सिट. नो. कम टू मम्मा. आमच्या सोसायटीतल्या एका लॅब्रेडॉरला ‘बस’ म्हटलं तर तो नुसता बघत राहतो, बिचारा इंग्लिश मीडियमचा.

जुलैमधला शनिवार होता. सकाळपासून धो धो, संध्याकाळी ट्रेन वीस मिनिटं उशिरा, क्लिनिकच्या पायरीपर्यंत पाणी. पावसाळ्यात गोचीड, जखमांत अळ्या, लेप्टोची भीती, सगळं एकदम येतं, त्यामुळे बाकड्यावर गर्दी होती. सर आत ऑपरेशनला, एक दहा वर्षांची कुत्री, गर्भाशयात पू भरलेला, पायोमेट्रा, थांबण्यासारखं नव्हतंच. मामा त्यांच्याबरोबर आत-बाहेर. काउंटरवर मी एकटी. तेवढ्यात या मावशी आल्या. डोक्यावर प्लास्टिकची पिशवी टोपीसारखी, लुगड्याचा काठ ओला, मांजर बरोबर नाही. म्हणाल्या, "बोका कुंथतोय गो कालपासून. शी व्हत नाय. बसतो, कुंथतो, उठतो, परत बसतो. काय औषीध दे." जून-जुलैची मासेमारीबंदी चालू, ताजी मासळी नाही, नात त्याला कसलं तरी पाकिटातलं कोरडं खाणं घालते, कधी सुकट, असंही त्यांनीच सांगितलं. मी मान हलवली. कोरडं खाणं, कुंथणं, शी नाही. मला उत्तर इतकं स्पष्ट दिसलं की मला स्वतःचाच अभिमान वाटला. बद्धकोष्ठ. कपाटातून लॅक्टुलोजची बाटली काढली, चिठ्ठीवर लिहिलं, दीड एमएल दोनदा, पाणी जास्त द्या, दोन दिवसांत फरक नाही पडला तर घेऊन या. आतल्या खिडकीतून सरांना विचारायला पाच पावलं लागली असती. मी गेले नाही. मावशींनी कमरेच्या बटव्यातून ओल्या नोटा काढल्या आणि "देव तुझं बरं करो" म्हणून पावसात गेल्या. मामा तेव्हा काउंटरमागे सिरिंजचा बॉक्स शोधत होते.

मी विचारलं नाही की लघवी होते का.

बोका आहे, नर आहे, हे त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं. नर मांजराची मूत्रनलिका टोकाला इतकी बारीक असते की खड्यांची बारीक रेती आणि चिकट बुळका यांनी ती बुचासारखी बंद होते. मग तो बसतो, कुंथतो, उठतो, परत बसतो. बघणाऱ्याला वाटतं शी होत नाही. हे मला माहीत होतं. परीक्षेत आलं असतं तर मी पानभर लिहिलं असतं, आकृतीसकट. लघवी तुंबली की रक्तातलं पोटॅशियम वाढतं, हृदय मंदावतं, एक-दोन दिवसांत मांजर जातं, हेही लिहिलं असतं. लॅक्टुलोजने बिचाऱ्याचं काही वाईट झालं नाही. पण एक रात्र गेली. अख्खी रात्र.

रविवारी क्लिनिक सकाळचं तेवढंच. साडेदहाच्या सुमाराला मावशी आल्या त्या मासळीच्या टोपलीत बाळ्याला घालून, वर गोधडीचा तुकडा. पिवळसर पांढरा, मोठ्या डोक्याचा, एक कान फाटलेला, गल्लीतला दादा असणार. हाताला थंड लागला. ताप मोजला तर ९७. मांजराचं हृदय दवाखान्यात आलं की मिनिटाला १६० ते २२० च्या घरात पळत असतं, बाळ्याचं मी मोजलं ते ११० भरलं, परत मोजलं, परत तेवढंच. सरांनी पोटावर हात ठेवला आणि माझा हात धरून तिथे ठेवला. मोसंबीएवढं मूत्राशय, क्रिकेटच्या बॉलसारखं टणक. मी या आधी पुस्तकात वाचलेला तो बॉल माझ्या तळव्याखाली होता.

"काल कुणी बघितलं होतं का याला?" सरांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत मावशी म्हणाल्या, "व्हय, या पोरीनंच औषीध दिलं. म्हणून तर रात्र काढली त्यानं."

सरांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मामांनी बघितलं नाही, ते क्लिपर पुसत राहिले, बराच वेळ, स्वच्छ क्लिपर. मग सगळं भराभर झालं. शीर मिळाली, हृदय सांभाळायला कॅल्शियम ग्लुकोनेट अगदी हळूहळू, मी स्टेथोस्कोप छातीला लावून मोठ्याने ठोके मोजत, जरा वाढले, अजून वाढले. मग हलकीशी भूल. शेपटीखाली सगळं जांभळं झालेलं. सरांनी बारीक कॅथेटर सलाईनच्या सिरिंजला लावून टोकाशी धरला, थोडं पाणी ढकलायचं, थांबायचं, फिरवायचं, परत. जोर लावला तर नलिका फाटते. आत रेतीवर नळी घासल्याचं बोटांना कळतं असं सर म्हणाले, आणि त्यांनी एकदा माझ्या हातात दिलं तेव्हा खरंच कळलं, बाजरीच्या पिठात दाणा राहावा तसं. काही होत नव्हतं, काही होत नव्हतं, आणि मग ट्रेमध्ये एक थेंब पडला, लाल-तपकिरी, आणि मग धार. मुंबईत नळाला पाणी आलं की बायकांचा गलका होतो तो मला आठवला त्या क्षणी, का कोण जाणे. मामा म्हणाले, "आलं रे आलं." तेही तसंच म्हणाले.

कॅथेटर टाक्यांनी तिथेच बसवला, पिशवी लावली, गळ्यात प्लास्टिकची कॉलर. अडथळा निघाला की मूत्रपिंडं सुटल्यासारखी पाणी सोडतात, मग तेवढंच पाणी शिरेतून द्यावं लागतं, नाहीतर तो त्यानेच जातो. त्यासाठी कुणीतरी थांबून मोजायला पाहिजे होतं. मी म्हटलं मी थांबते. त्या रात्री मी दर दोन तासांनी पिशवीतलं पाणी मोजून वहीत लिहिलं, चाळीस एमएल, पंचावन्न, साठ, लाल कमी होत होत चहासारखं, मग पिवळं. बाहेर पाऊस, पिंजऱ्यात बाळ्या कॉलर आपटतोय, टेबलावर माझं डोकं. पहाटे त्याने माझ्या मनगटावर दात रोवले. मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं हात धुतला, रेबीजच्या आधीच्या लसी झालेल्या होत्या म्हणून दोनच डोस, एक त्याच दिवशी आणि दुसरा तीन दिवसांनी. त्याचे डाग अजून आहेत, दोन ठिपके.

सरांनी त्याबद्दल एकदाच विषय काढला, सोमवारी, हात धुताना, आरशात बघत. "बोका कुंथताना दिसला. पहिला प्रश्न?" मी म्हटलं, "लघवी होते का." "बस्स," म्हणाले आणि टॉवेल मागितला. ते ओरडले असते तर मला जास्त आवडलं असतं.

बुधवारी बाळ्या टोपलीत बसून घरी गेला. सरांनी निम्मेच पैसे घेतले. मावशींना ओलं खाणं द्या, पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवा, असं सगळं मी समजावून सांगितलं, अगदी व्यवस्थित, आणि जे सांगायचं होतं ते सोडून. पाकिटातल्या खाण्याने झालं का असं त्यांनी विचारलं. एका कारणाने होत नाही, ताण, कमी पाणी, वजन, बरंच काही असतं, असं मी पुस्तकासारखं बोलले. नारळी पौर्णिमेनंतर पहिली ताजी मासळी आली तेव्हा मावशी क्लिनिकवर एक सरंगा घेऊन आल्या, माझ्यासाठी. मी तो घरी नेला. आईने तिखलं केलं. मी दोन तुकड्या खाल्ल्या. चांगलं झालं होतं.

मामांना मी विचारलं होतं, सांगू का त्यांना? मामा ग्लोव्हज वाळत घालत होते, दोरीवर, चिमट्याने (हो, बाहेरून साफ करायला मामा ग्लोव्हज धुऊन वापरतात, कुणाला सांगू नका). म्हणाले, "सांग की. मग ती परत येणार नाय. आणि बाळ्याचं परत तुंबलं तर ती मेडिकलवाल्याकडं जाईल." आणि तुंबतं परत, पुष्कळ बोक्यांचं तुंबतं. मला हे उत्तर इतकं सोयीचं होतं की मी लगेच पटवून घेतलं.

पण सतावणारी गोष्ट वेगळीच आहे. चूक झाली, चौथ्या वर्षाच्या मुलीकडून झाली, होते. मी हे रात्री झोपताना अनेकदा उलटं करून बघितलंय: त्या शनिवारी मावशींच्या जागी टॉवरमधल्या मॅडम आल्या असत्या, पर्शियन बोक्याचं नाव सांगत, छत्री बंद करत, तर मी बाटली काढून दिली असती का? नसती दिली. मी म्हटलं असतं, "मॅम, सर ऑपरेशनमध्ये आहेत, जरा थांबता का." घाबरले असते मी त्यांना. मावशींना घाबरायचं काही कारणच नव्हतं, म्हणून मी त्यांच्यासमोर डॉक्टर झाले. सर कॅन्युलासाठी जो हिशोब करायचे तो मी त्यांच्यावर नाक मुरडून बघत होते आणि माझ्या तोंडातून तोच हिशोब, न शिकवता, बाहेर पडला. माझी आजी गिरणगावात वाढली, केईएमच्या रांगेत तिने अर्धं आयुष्य काढलं, काउंटरवरची माणसं कशी बोलतात याच्या नकला करून दाखवायची ती. मला तिच्या नकला पाठ आहेत.

मागच्या शनिवारी परत मार्केटात गेले. आता माझी इंटर्नशिप चालू आहे, बांगडे घ्यायला जाते असं घरी सांगितलं. मनात वाक्य तयार केलं होतं, ट्रेनमध्ये तीनदा म्हणून बघितलं होतं. मावशी सुरमई कापत होत्या, कोयत्यावर, खटाक खटाक, पाणी उडत होतं. मला बघून ओरडल्या, "आली बघ. अगो बाय, बरी आलीस. माझ्या जावेचा बोका हाय ना काळा, दोन दिस खात नाय, कोपऱ्यात बसतो, कुंथतो. काय देऊ?"

"लघवी होते का?" मी म्हटलं.

बाजूच्या दोघी कोळिणी फिसकन हसल्या. एक गिऱ्हाईक काका लांब सरकले. मावशी म्हणाल्या, "आता ते कोण बघत बसलंय गो?"

"कुणीतरी बघायला पाहिजे. आत्ता. फोन लावा."

मावशींनी कोयता बाजूला ठेवला, हात फडक्याला पुसला, ब्लाउजमधून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाइल काढला. तिकडे रिंग वाजत होती, बराच वेळ कुणी उचलत नव्हतं. मी म्हटलं, "मावशी, मागच्या वर्षी बाळ्याच्या वेळी मी हे विचारलंच नव्हतं. पहिल्या दिवशी. विचारायला पाहिजे होतं. म्हणून त्याचं तेवढं झालं."

"काय?" त्या म्हणाल्या. मागे बर्फ फोडत होते.

मी परत सांगितलं, मोठ्याने. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, फोन कानाला. ऐकू आलं की नाही ते मला कळलं नाही, कारण तेवढ्यात तिकडून कुणीतरी फोन उचलला आणि त्या अर्ध्या मार्केटाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायला लागल्या, "अगो सुने, तो काळा मुततो का बघ गो. हां हां, आत्ताच जा. डाक्टरीण उभी हाय इथं." मग फोन तसाच कानाला लावून थांबल्या, मीही थांबले. मधेच त्यांनी पायानेच एक पालथी टोपली माझ्याकडे सरकवली.

"बस," म्हणाल्या. "वर गेलीय बघायला."